चौदा कोअरांचा वनवास

नाशिकच्या पंचवटीत सध्या दोन गोष्टी जोरात वाढताहेत. सिंहस्थाच्या कामांचे खड्डे आणि कॉम्प्युटरमधले कोअर. खड्डे निदान दिसतात तरी.

निमाणीपासून दिंडोरी नाक्यापर्यंत कोणत्याही फ्लेक्सवाल्याकडे डोकावून बघा. टेबलाखाली काचेचा डबा, त्यात सात रंगांचे पंखे गरगरताहेत आणि मालक छाती फुगवून सांगतोय, “वर्कस्टेशन घेतलं भाऊ. झिऑन. चौदा कोअर!” पडद्यावर काय चाललंय? फोटोशॉप उघडलंय आणि एका भावी नगरसेवकाच्या गालावरचा डाग पुसला जातोय.

एका डागाला चौदा कोअर. निष्कलंक उमेदवार घडवायला तेवढे लागत असतीलही.

आता इंटेलच्या या झिऑन प्रोसेसरची जन्मपत्रिका मांडू. नाव ई५-२६८० व्ही४. जन्म २०१६. बाजारात आला तेव्हा किंमत १,७४५ डॉलर. ऐन उमेदीची वर्षं कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये चोवीस तास राबण्यात गेली. तिथून निवृत्त झाल्यावर चिनी मदरबोर्डवर त्याची पुन्हा स्थापना झाली आणि काही हजारांत विकला जात तो लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून गावोगाव पोचला. इथे त्याला ‘वर्कस्टेशन’ ही पदवी मिळाली.

सरकारी खात्यात याला मुदतवाढ म्हणतात.

“पण चौदा कोअर म्हणजे चार कोअरच्या साडेतीनपट झाले ना?” गणित बरोबर आहे. कॉम्प्युटर चुकलाय.

या झिऑनचा एक कोअर फार तर ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत धावतो, तोही दहा वर्षांपूर्वीच्या घडणीचा. २०२२ चा साधा आय३-१२१०० घ्या. चारच कोअर, पण ४.३ गिगाहर्ट्झचे, आणि प्रत्येक ठोक्याला जास्त काम उरकणारे. फोटोशॉपची बरीचशी कामं, कोरल, टॅली, ऑटोकॅड यांत हा गरीब आय३ त्या चौदा कोअरांना मागे टाकतो. ऑटोकॅड मुख्यतः एकाच कोअरवर चालतं, हे खुद्द ते बनवणारी ऑटोडेस्क कंपनी सांगते. म्हणजे प्लॅन काढताना एक कोअर राबतो आणि तेरा बघत बसतात.

हे दृश्य नाशिककरांना नवं नाही. रस्त्याच्या कोणत्याही कामावर दिसतं.

यामागचा नियमही जुनाच आहे. जीन अॅमडाल नावाच्या संगणक अभियंत्याने तो १९६७ मध्ये मांडला. कामाचा निम्मा भाग वाटून देता येत नसेल, तर हाताखाली हजार प्रोसेसर द्या, काम दुपटीहून जास्त वेगाने होणार नाही. भंडाऱ्याला चौदा आचारी शोभतात. कपभर चहाला चौदा लावले तर ओट्याशी फक्त गर्दी होते.

मग पुष्कळ प्रोसेसर जोडणं हा वेडेपणा आहे का? मुळीच नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला, तो ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर एकत्र जोडूनच. एकेकटा ट्रान्सप्युटर काही महापराक्रमी नव्हता. पण समोरची गणितं तुकडे करून वाटण्याजोगी होती, आणि ती कशी वाटायची हे ठरवणारी माणसं तिथे बसली होती.

वाढदिवसाचे फ्लेक्स करायला परम कोणी मागितला नव्हता.

मग आजचं कोरं करकरीत वर्कस्टेशन ही निव्वळ फसवणूक का? छे. फसवणूक एवढी महाग परवडत नाही.

इंटेलच्याच घरातले २०२३ चे दोन भाऊ घ्या. धाकटा डेस्कटॉपचा आय९-१४९००के, तेव्हाची किंमत ५८९ डॉलर. थोरला वर्कस्टेशनचा झिऑन डब्ल्यू९-३४९५एक्स, तेव्हाची किंमत ५,८८९ डॉलर. दहापट! आता दहापट काय मिळतं ते मोजा. कोअर धाकट्याला २४, त्यातले आठ दांडगे आणि सोळा किरकोळ. थोरल्याला ५६. म्हणजे दुपटीहून थोडे जास्त. आणि कमाल वेग? धाकटा ६ गिगाहर्ट्झ, थोरला ४.८.

दहापट पैसे मोजून एकेका कोअरचा वेग कमी. हे वाचून ज्याला घाम फुटला, त्याला वर्कस्टेशन नको आहे.

ज्याला फुटला नाही, तो पुढचे आकडे वाचतो. धाकट्याकडे मेमरीकडे जाणाऱ्या वाटा दोन, थोरल्याकडे आठ. धाकटा १९२ जीबी रॅमवर थांबतो, थोरला ४ टीबीपर्यंत जातो. आणि ज्यांना पीसीआय एक्सप्रेस लेन म्हणतात, त्या ग्राफिक्स कार्ड आणि डिस्कला जोडणाऱ्या गल्ल्या धाकट्याकडे २०, थोरल्याकडे ११२. एका दणकट ग्राफिक्स कार्डाला सोळा लेन लागतात. धाकट्याकडे एक कार्ड बसलं, एक डिस्क बसली, की त्या वीस लेनचं दुकान बंद.

तपोवनावरून ड्रोन फिरवायचा, हजारो फोटो काढायचे आणि ते शिवून एकसंध नकाशा करायचा आहे? गर्दीवरच्या शेकडो कॅमेऱ्यांची चित्रं एकाच जागी तपासायची आहेत? ओझरला विमानाच्या पंखावरून हवा कशी वाहते याचं गणित आठवडाभर चालवायचंय? मग या वाटा, ही मेमरी, या लेन हव्यातच. गर्दी ओळखण्याचं खरं काम ग्राफिक्स कार्डं करतात. वर्कस्टेशनचा प्रोसेसर त्यांना चौपदरी रस्ते बांधून देतो. रस्ते बांधणाऱ्याला श्रेय मिळत नाही, फक्त बिल मोठं असतं. (आपल्याकडे याच्या उलट चालतं, पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

एएमडीवाल्यांनी तर लाजच सोडली. २०२३ चा थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्स म्हणजे ९६ कोअर, आणि तेव्हाची किंमत एक कमी दहा हजार डॉलर. तेव्हाच्या दराने सव्वाआठ लाख रुपये, वर अठरा टक्के जीएसटी. तेवढ्यात चारचाकी दारात येते. शिवाय तिच्यावर निवडणुकीत झेंडा लावता येतो.

आता जरा पुण्यकर्माकडे वळू. वर्कस्टेशनचा खरा सद्गुण कोअरांत नाही, ईसीसी मेमरीत आहे. रॅममध्ये कधी कधी एखादा बिट आपोआप उलटतो, शून्याचा एक होतो. ईसीसी ती चूक पकडते आणि सुधारते. साधी रॅम चूक तशीच पुढे पाठवते आणि चेहऱ्यावर रेषाही हलू देत नाही.

ही काल्पनिक भीती नव्हे. १८ मे २००३ ला बेल्जियममधल्या स्कारबेकमध्ये मतमोजणीत एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त पडली. बरोब्बर दोनाचा बारावा घात. म्हणजे एकच बिट उलटला. संशय गेला अंतराळातून आलेल्या एखाद्या कणावर. आपल्याकडे चार हजार मतं जास्त पडली, तर संशय घ्यायला इतकं लांब जावं लागणार नाही.

मग एवढी कामाची गोष्ट सगळ्यांना का नाही? इंटेलला विचारा. बरीच वर्षं त्यांच्या आय३ आणि पेंटियममध्ये ईसीसी चालायची आणि महागड्या आय७ मध्ये नाही! कारण उघड आहे. आय३ वाला झिऑन घेण्याची शक्यता शून्य. आय७ वाला घेऊ शकतो, म्हणून त्याचीच वाट अडवली. १२व्या पिढीपासून दार उघडलं, पण डब्ल्यू६८० हा वेगळा चिपसेट असलेला मदरबोर्ड घेतला तरच. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याआधी, २०२१ च्या सुरुवातीला, या अडवणुकीवरून इंटेलला जाहीर फैलावर घेतलं होतं.

टोल नाका हटवला, पण फास्टॅग सक्तीचा. असा हा न्याय.

डेस्कटॉपवाल्यांनीही फार टाळ्या पिटू नयेत. त्या सहा गिगाहर्ट्झच्या हव्यासाने १३व्या आणि १४व्या पिढीच्या कितीतरी चिप आतून झिजल्या. जास्त व्होल्टेज, मग अचानक क्रॅश. इंटेलला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड काढावा लागला. दुरुस्ती पुढची झीज थांबवायला होती, झिजलेली चिप पूर्ववत करायला नव्हे.

आता सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. लग्नाचे व्हिडिओवाले.

पंचवटीत कार्यालयं उदंड आणि तिथी एकच, त्यामुळे एका रात्रीत चार लग्नं संपादित करायची असतात. त्यांना दुकानदार हमखास सांगतो, “व्हिडिओचं काम ना? मग झिऑनच लागणार.” इथे खरी गंमत आहे. सोनी-कॅननचे बरेच नवे कॅमेरे ज्या दहा बिट, ४:२:२ च्या एच.२६५ फाइलमध्ये चित्रण करतात, ती उलगडण्याची यंत्रणा इंटेलच्या ११व्या पिढीपासून डेस्कटॉप चिपच्या अंगच्या ग्राफिक्समध्ये आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत ती यायला २०२५ ची ५० मालिका उजाडली. आणि त्या चौदा कोअरवाल्या झिऑनमध्ये? ग्राफिक्सच नाही. परिणामी नव्या आय५ वर लग्न सरळ चालतं आणि झिऑनवर नवरदेव घोड्यावर चढता चढता अडकतो.

घेताना एवढंच बघा की चिपच्या नावामागे ‘एफ’ची शेपटी नाही. ‘एफ’ म्हणजे अंगचं ग्राफिक्स बंद. दुकानदार ते ‘स्वस्त मॉडेल’ म्हणून पुढे करतो.

आणखी एक गैरसमज. “वीस तारखेला जीएसटीचं पोर्टल फिरत बसतं, म्हणून मोठं मशीन घेतलं.” अहो, फिरतोय तो पलीकडचा सर्व्हर. तुम्ही ९६ कोअर लावलेत तर काय होईल? तेच चक्र जास्त ऐटीत फिरेल.

विजेचं काय? दुकानातला यूपीएस ६०० व्हीएचा असतो. तो साधारण ३६० वॅट देतो. मघाचा थोरला झिऑन आणि थ्रेडरिपर दोघांचीही भूक ३५० वॅटची, एकट्या प्रोसेसरची. मॉनिटर, ग्राफिक्स कार्ड, पंखे हे सगळं उरलेल्या दहा वॅटवर भागवायचं. वीज गेली की यूपीएस एकदाच ‘टूं’ करतो. ते ‘सेव्ह केलंत ना?’ असं विचारणं असतं.

आणि एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीला टेकलेला असताना, पत्र्याच्या गाळ्यात हे धूड थंड कोण ठेवणार? ते सात रंगांचे पंखे?

कचेऱ्यांत तर उलटाच न्याय. सर्वांत ताकदवान मशीन साहेबांच्या टेबलावर. तिथे मेल वाचले जातात, तेही छापून. आणि ज्याला दिवसभर नकाशे हलवायचे त्या ऑपरेटरकडे जुन्या हार्ड डिस्कचा खटारा. खरेदी पदानुसार होते, कामानुसार नाही.

जुन्या झिऑनचा शेवटचा दाखला देतो. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे स्वीकारत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला काढून घेतला. म्हणजे तुमचं ‘वर्कस्टेशन’ घरात आहे, पण रेशनकार्डावर त्याचं नाव नाही.

तर खरेदीला निघण्याआधी एक फुकटचं काम करा. रोजचं जड काम सुरू ठेवून कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा. परफॉर्मन्समध्ये सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर्स निवडा. जितके लॉजिकल प्रोसेसर तितके चौकोन दिसतील. सगळे चौकोन तासन्‌तास काठोकाठ भरलेले असतील, किंवा रॅम कोंबून भरली असेल आणि कार्ड लावायला जागा उरली नसेल, तर बेलाशक वर्कस्टेशनचं कोटेशन मागवा. आठ चौकोनांच्या मशिनवर एकूण वापर बारा-तेरा टक्क्यांवरच अडकला असेल आणि तरी तुम्ही ताटकळत असाल, तर काम एकट्या कोअरचं आहे. वेगवान डेस्कटॉप घ्या, झिऑनकडे बघूही नका. आणि चौकोन सगळेच रिकामे असून मशीन रांगत असेल, तर प्रोसेसर निर्दोष आहे. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. काही हजारांत भागतं.