घाट बंद, बारी चालू

मृगाचा पाऊस पडून शर्यतीच्या घाटाची माती एकदा चिकट झाली की पुणे जिल्ह्यातला बैलगाड्यांचा हंगाम संपला, असं यात्रा कमिटी मानते, गाडामालक मानतो आणि बैलही मानतो. मानत नाही तो फक्त बैलगाडा शौकीन. इनामगावच्या बाजूला, घोड आणि भीमा यांच्या मधल्या उसाच्या पट्ट्यात, जून महिन्यात तो सहज ओळखू येतो. धुऊन धुऊन शर्ट विटलेला असतो, पण खिशाच्या शिवणीत चैत्रातला भंडारा अजून तग धरून असतो. मोबाइलमध्ये बायकोच्या वाढदिवसाची नोंद सापडणार नाही. कुठल्या घाटात कुठला गाडा किती सेकंदांत गेला, हे मात्र तारीखवार सापडेल. गोठ्यात एक जर्सी गाय असते. बैल नसतो. शौकीन समजून घ्यायचा तर हे आधी ध्यानात घ्यायला हवं. त्याची नांगरट ट्रॅक्टर करतो, पेरणीही ट्रॅक्टरच करतो, आणि बैल त्याला जवळून दिसतात ते हिवाळ्यात, ऊसतोडीच्या टोळ्या गाड्या भरून कारखान्याच्या वाटेला लागतात तेव्हा. त्या ओझ्याखालच्या बैलाकडेही तो ‘हा जुकाटाला, गाड्याच्या पुढच्या जोडीत, चालला असता’ अशाच नजरेनं बघतो. तरीही बोलताना तो ‘आपला गाडा’ आणि त्याच्या घाटातल्या फेरीला ‘आपली बारी’ म्हणतो. ज्याचा गाडा, त्या मालकानं याला कधी ओळखही दिलेली नसते. यात हसण्यासारखं फार नाही. मँचेस्टर नकाशात कुठं आहे हे न सांगता येणारा कोथरूडचा मुलगा ‘काल आपण हरलो’ म्हणून जेवत नाही, तेव्हा आपण त्याला फुटबॉलप्रेमी म्हणतो. याला निदान घाटाचा रस्ता तरी माहीत असतो.

माझं म्हणणं असं की या माणसाचा खरा हंगाम जूनमध्ये संपत नाही, सुरू होतो. पौषात थापलिंगच्या खंडोबाच्या यात्रेपासून ज्येष्ठापर्यंत जे चालतं, ती नुसती कच्च्या मालाची आवक. पक्का माल पावसाळ्यात निघतो. हे पटायला शर्यतीची जातकुळी बघावी लागते. सातारा-सांगलीकडच्या मैदानात गाड्या एकाच वेळी सुटतात. कोण पुढं, कोण मागं हे आंधळ्यालाही आरडाओरड्यावरून कळतं. आपल्याकडे, म्हणजे शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळात, घाट असतो. चढाची वाट, गाड्याला चार बैल, पुढची जोडी जुकाटाला, मागची धुरेला, समोर घोडी, आणि प्रत्येक गाडा एकटा पळतो. शेजारी कोणी नाही. सामना घड्याळाशी. निशाण पडलं, बारी झाली, निवेदकानं सेकंद पुकारले, पुढचं टोकन. म्हणजे ज्या दोन गाड्यांत खरी चुरस, ते दोन गाडे जन्मात एकमेकांशेजारी पळालेले नसतात. एक सकाळी नऊला पळाला, दुसरा दुपारी चारला. तोवर ऊन बदललं, माती बदलली, घोडी बदलली. त्यात एकाच दिवशी पहिल्या नंबरात अनेक गाडे बसतात आणि बक्षिसाची रक्कम वाटून घेतात. ‘घाटाचा राजा’ आणि ‘फळीफोड’ हे मान वेगळे. संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसाला कोण जिंकलं असं विचारलं तर तो एका वाक्यात उत्तर देऊ शकत नाही, आणि खरं तर त्याला ते द्यायचंही नसतं. दोन गाड्यांची प्रत्यक्ष गाठ कधी पडणार असेल तर ती पारावर, सलूनमध्ये, नाहीतर कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर. तिथं मात्र ते शेजारी शेजारी पळतात, रोज पळतात आणि मालकाच्या परवानगीशिवाय पळतात.

हिशोब करून बघा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये एक संघ हंगामात 38 सामने खेळतो. नव्वद मिनिटांनी गुणलं तर 3420 मिनिटं, म्हणजे 57 तास. आता समजा, आपल्या शौकिनाचा आवडता गाडा एका हंगामात तीस घाटांत पळाला, आणि प्रत्येक बारी बारा सेकंदांची धरली. झाले 360 सेकंद, म्हणजे सहा मिनिटं. वर्षाच्या सहा मिनिटांवर उरलेलं सगळं वर्ष काढायचं, ही साधीसुधी काटकसर नव्हे. फुटबॉलवाल्याला 57 तासांत निदान कंटाळा यायची सोय असते, गोलशून्य बरोबरी असते, उठून पाणी पिता येतं. इथं शिंक आली तर बारी गेली. म्हणून शौकिनाची स्मरणशक्ती अशी तयार होते की बारा सेकंदांचं वर्णन तो चाळीस मिनिटं करू शकतो, आणि त्यातही घोडीवाल्याच्या चुकीसाठी दहा मिनिटं राखून ठेवतो. ‘नाना, बारी बसलीच होती. घोडी उजवीकडं दबली म्हणून धुरेचा बैल बिचकला.’ पारावरचे नाना मान हलवतात, पण डावीकडं दबली म्हणतात. एवढ्यावर पहिला पाऊस निभावतो.

यावर कोणी म्हणेल की ही रिकामटेकड्या गावाची सवय आहे, तिला एवढं तत्त्वज्ञान कशाला चिकटवायचं. पण इनामगावात राहून असं म्हणता येणार नाही. या गावाचं नाव जगातल्या पुरातत्त्वाच्या ग्रंथांत आहे, ते अशाच व्यवहारामुळे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी, म्हणजे हसमुख सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी, 1968 ते 1983 या काळात इथल्या टेकाडांवर खोदकाम केलं. त्यांचाही हंगामच असे. पावसाच्या आधी खड्डे आवरायचे, मग पुण्यात बसून खापरं जुळवायची. जमिनीत जे मिळालं त्यावरचा अहवाल 1988 मध्ये निघाला तो दोन जाडजूड भागांत. ज्या मातीच्या मूर्तीसाठी इनामगाव प्रसिद्ध आहे, ती बिनडोक्याची देवी आणि तिच्यासोबतचा बैल, यांच्यावर विद्वानांनी जेवढं लिहिलंय तेवढं आपल्या शौकिनानं अजून एकाही गाड्यावर बोललेलं नाही. शौकिनाला ही मूर्ती ऐकून माहीत असते आणि तो तिचा पुरावा म्हणून उपयोगही करतो: ‘तीन हजार वर्षांपूर्वीपासून आपल्याकडं बैल पळतोय.’ हे मात्र खरं नाही. इनामगावचा बैल देवीला पाठीवर घेण्यासाठी घडवलेला आहे, तो पळत नाही. पळण्याच्या जवळपास येतो तो दायमाबादचा काशाचा रथ. 1974 साली श्रीरामपूर तालुक्यात सापडला, त्याला दोन बैल जुंपलेत आणि वर उभा माणूस आहे. पण त्याचीही वेळ कुठं नोंदलेली नाही. शौकिनाला याचं वाईट वाटत नाही. वेळ नोंदलेली नसली की वादाला उलट जास्त जागा असते.

माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा बंदीच्या वर्षांचा आहे. 2011 मध्ये केंद्रानं बैलाला प्रदर्शनासाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं, आणि 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना पूर्ण मनाई केली. 2017 मध्ये राज्यानं कायदा केला, तर उच्च न्यायालयानं अंमलबजावणी थांबवली. अखेर 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. म्हणजे साडेसात वर्षं कायद्यानं एकही बारी झाली नाही. हा माणूस शर्यतीवर जगत असता तर या काळात नामशेष झाला असता. झाला उलटाच प्रकार. शर्यत नव्हती म्हणून हरण्याची भीती नव्हती, आणि आठवणीतला गाडा दरवर्षी थोडा थोडा वेगवान होत गेला. चौदाच्या आधी बारा सेकंदांत घाट चढणारा बैल एकविसात पोहोचेपर्यंत अकराच्या आत आला, तोही दावणीला बांधलेला असताना. शौकीन या काळात कायदाही शिकला. ‘अंतरिम’, ‘स्थगिती’, ‘घटनापीठ’ हे शब्द तो वकिलापेक्षा ठसक्यात उच्चारू लागला, कारण न्यायालयाची तारीख हीच आता बारी होती, आणि ती पुढं गेली तरी चर्चा मागं पडत नव्हती. 2014 ला दहा वर्षांचा असलेला मुलगा 2021 ला मिसरूड फुटलेला शौकीन होऊन उभा राहिला, मधल्या वर्षांत कायदेशीर शर्यत एकही न पाहता. तिकडे 2020 च्या मार्चपासून जूनपर्यंत, फक्त तीन महिने, प्रीमियर लीग थांबली तर जगभरच्या फुटबॉलप्रेमींचा जीव कासावीस झाला. आमच्या माणसानं आठ पावसाळे काढले, आणि जीव कासावीस झाला तो मालकांचा, खुराकाचा खर्च बघून.

पैशाचं काय, असा एक आक्षेप येईल. आता शर्यतीत मोठी रक्कम आहे, निवडणुका आहेत, पुढाऱ्यांचे फ्लेक्स आहेत. 2022 मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीच्या शर्यतीत जेसीबी बक्षीस होता. बैलाचं काम ज्या यंत्रांनी काढून घेतलं, तसलंच एक यंत्र बैलाला बक्षीस, हा विनोद बैलाला कळला असेल का, ठाऊक नाही. पण जेसीबी मालकाच्या दारात जातो. शौकिनाच्या वाट्याला येतो तो ‘जेसीबी विकायचा की भाड्यानं लावायचा’ हा प्रश्न, आणि त्यावर तो मालकापेक्षा जास्त विचार करतो. बैलांच्या खरेदी-विक्रीचंही तसंच. पावसाळ्यात अमुक बैल इतक्या लाखांना गेला, आता तो तमक्याच्या जुकाटाला लागणार, अशा बातम्या सुटतात, आणि युरोपातल्या खेळाडूंच्या बदल्यांवर जसे तिकडचे लोक रात्र जागवतात, तशी इकडे सलूनची खुर्ची अडते. ज्याच्या खिशातून एक रुपया जाणार नाही तो माणूस या सौद्यात सगळ्यात जास्त घासाघीस करतो. पैशासाठी आलेला माणूस असा वागत नाही.

दुसरा आक्षेप मात्र टाळण्यासारखा नाही. बैलाला त्रास होतो, त्याचं काय? प्राणीमित्र कोर्टात गेले ते हवेतून नव्हे. काठी, शेपटीचा चावा, बॅटरीचा शॉक हे प्रकार घाटात होते आणि म्हणूनच नव्या नियमांत त्यांना मनाई करावी लागली, शर्यतीआधी पशुवैद्याची तपासणीही आली. हा विषय निघाला की एरवी अखंड बोलणारा शौकीन अचानक मितभाषी होतो. ‘आता तसं काही राहिलं नाही’ म्हणतो आणि घोडीकडे वळतो. इथं तो कमी पडतो, हे मान्य केलं पाहिजे. पण एवढंही मान्य करावं की त्याची हौस जर खरोखर मुख्यतः बोलण्याची असेल, तर बैलाला इजा होण्याची गरज तिच्यात कुठंच नाही. उलट लंगडा बैल म्हणजे एक विषय कमी. नियम कसोशीनं पाळले गेले तर घाटातली एखादी बारी मंदावेल. पारावरची मंदावणार नाही.

कोल्हापूरकर म्हणेल, हे आमच्याकडंही आहे. आहे, पण तसंच नाही. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमींच्या फुटबॉल संघांचे पाठीराखे शाहू स्टेडियमवरून परत येताना पेठेपेठेत वाद घालतात, हे खरं. पण फलकावर दोन-एक लिहिलेलं असतं. त्या आकड्याला वळसा घालावा लागतो, पंचाला शिव्या द्याव्या लागतात. हरणारा हरलेलाच असतो, आणि पुढचा हंगाम येईपर्यंत त्याला ते सोसावं लागतं. घाटवाल्याला हरणंच माहीत नाही. त्याचा गाडा फक्त ‘बसला नाही’, आणि न बसण्याला कारण असतं. मोबाइलवर आता प्रत्येक बारीचं चित्रण मिळतं, वरून ड्रोन फिरतो, सेकंद तुकड्यांत मोजले जातात; मग वाद मिटायला हवेत, असं भाबड्या माणसाला वाटेल. झालं असं की पूर्वी वाद आठवणींचा होता, आता तोच वाद चित्र थांबवून थांबवून होतो. घोडी उजवीकडं दबली की डावीकडं, हे दहा वेळा बघून दहा मतं होतात, आणि अकराव्यांदा नाना चष्मा विसरल्याचं सांगतात.

राहता राहिली घरची मंडळी. त्यांचा आक्षेप सगळ्यात जुना आणि सगळ्यात रास्त: सेकंदाचा हिशोब ठेवणाऱ्या माणसाला शेतीपंपाची लाइट रात्री किती वाजता येते हे ठाऊक नसतं. त्यावर त्याच्याकडे उत्तर नाही, फक्त पौष आहे. पौषात तो पहाटेच मोटारसायकल काढतो, टोकनाची यादी पाठ करतो, ऊन डोक्यावर येईपर्यंत उभा राहतो. ‘आपला गाडा’ जुंपला जातो. पुढची गर्दी एकदम उठून उभी राहते, भंडारा उडतो, कुणाचा तरी फेटा डोळ्यांपुढं येतो. बारी होऊन जाते. त्याला दिसलेलं काहीच नसतं. तो शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात ठेवतो. ‘दादा, किती बसली?’ दादा सांगतो. ‘अशक्य,’ शौकीन म्हणतो, ‘घोडी दबली नसती तर अजून कमी बसली असती.’