रुखवतातलं कपलर

गाडीचं नाव ‘मल्टिपल युनिट’. एकाला दुसरं जोडायचं, दुसऱ्याला तिसरं, आणि पुढच्या केबिनमधल्या एका माणसाने सगळ्या मोटरी हाकायच्या. फ्रँक स्प्रेगने 1897 साली ही युक्ती काढली, शिकागोच्या उन्नत रेल्वेवर ती रुजली. आपली लोकलही त्याच गोत्रातली: तीन डब्यांचं एक युनिट, अशी चार जोडली की बारा डबा. एवढा इतिहास असताना मॉडेल बनवणारे मात्र या गाडीच्या तोंडाला जे कपलर (गाड्या जोडणारा आकडा) लावतात, ते कशालाच जुळत नाही.

माझ्याकडे इंग्लंडहून आलेल्या, तिथल्या 150 क्लासच्या दोन स्प्रिंटर आहेत; त्याही मल्टिपल युनिटच. (खेळण्यातल्या म्हणायचं नाही, मॉडेल म्हणायचं, असा घरात नियम आहे. तो एकटा मीच पाळतो.) प्रमाण 1:76, पण दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर, म्हणजे 1:87 च्या मापाचं. अंग एका मापाचं, पाय दुसऱ्या मापाचे; इंग्रजांना त्यात काही वावगं वाटत नाही. खऱ्या स्प्रिंटर एकमेकींना हलकेच टेकल्या की कपलर आपोआप अडकतं, वीज आणि हवाही जोडली जाते. मॉडेलच्या तोंडाशी तेच कपलर हुबेहूब आहे, बारीक नळ्यांसकट. फक्त ते रुखवतातल्या वस्तूंसारखं आहे: बघायचं, वापरायचं नाही.

मी वापरायचं ठरवलं. नकली कपलर उपटून तिथे केडी कंपनीचं चालतं कपलर बसवायचं. ते मिटल्या मुठीसारखं दुसऱ्यात अडकतं आणि रुळांमधल्या चुंबकावर आलं की सुटतं. मॉडेलच्या तोंडाखाली कपलरसाठी जी खाच, म्हणजे खिसा, असतो, त्याच्या युरोपीय मानकात बसणारी केडी चार लांबीत मिळतात, 17 ते 20 नंबर. कपडे घेताना मापाचा एवढा विचार मी कधी केला नाही. 17 नंबर लावलं, तर गाड्या सरळ रुळावर देखण्या दिसतात आणि वळणावर कोपऱ्याला कोपरा घासून खाली उतरतात. 20 लावलं, तर मधून प्रवासी रूळ ओलांडून जातील एवढी फट. वळणाची त्रिज्या 438 मिलिमीटर, म्हणजे खऱ्या जगात तेहेतीस मीटर. इतक्या वळणावर एसटीचा ड्रायव्हरसुद्धा गिअर बदलेल. इथे आख्खी रेल्वे वळवायची आहे.

शिवाय केडीत एक स्प्रिंग असते. तिळाएवढी. चिमट्याने धरली की ती तिथे नसते. मग बॅटरी घेऊन मी सोफ्याखाली, आणि बायको केरसुणी हातात घेऊन दारात: “झाडू की थांबू?” कंपनी या स्प्रिंगांची सुटी पाकिटं विकते. यावरून घरोघरची परिस्थिती तिच्या कानावर असावी.

शेजारचे तात्या कुर्ला कारशेडातून निवृत्त झाले. ते चहाला येतात आणि मापं काढतात.

“अहो, आम्ही दोन युनिटं हळूच भिडवायचो. खट्ट वाजलं की झालं. तुमचं सकाळपासून काय चाललंय?”

“तात्या, तुमच्या कपलरची स्प्रिंग सोफ्याखाली जात नव्हती.”

यावर त्यांनी चष्मा पुसला, चिमटा मागून घेतला आणि बोलणं बंद केलं. संध्याकाळी त्यांच्या घरून दोनदा बोलावणं आलं.

अखेर 19 नंबरने तडजोड झाली. उंचीच्या गेजवर कपलर किंचित खाली झुकत होतं. तात्यांनी कपलरच्या खिशात कागदाचा कपटा सारून ते सरळ केलं. दोन्ही स्प्रिंटर खट्ट करून जुळल्या आणि रुळावरून न उतरता वळण पार झालं. तोंडाची शोभा गेली ती गेलीच. माझ्या मते स्वस्तात गेली.

तेव्हा कुणी तुम्हाला असं मॉडेल आणतो म्हणालं, तर रंग, नंबर, दिवे नंतर विचारा. आधी गाडी उलटी करून पुढे कपलरचा खिसा आहे का, ते बघायला सांगा. नसेल तर एकच युनिट मागवा.