हिरव्या शाईचे गुण

दीर्घ मुदतीसाठी कंपनी निवडायची म्हणजे ताळेबंद चाळत बसायचं, हे दिवस गेले. आता कंपनी पर्यावरण, समाज आणि कारभार किती सांभाळते, यावर तिला गुण मिळतात. बाजारमूल्यानं पहिल्या १,००० कंपन्यांना तर शेअर बाजाराची नियामक 'सेबी' हिच्या नियमानं आपल्या जबाबदारपणाचा अहवालच द्यावा लागतो. पाणी किती वापरलं, धूर किती सोडला, महिला कर्मचारी किती, तक्रारी किती, सगळं त्यात येतं. लिहितं कोण? कंपनीच. बाहेरच्याकडून पडताळणी सुरू झाली आहे, पण ती निवडक मुद्द्यांची आणि पहिला मान सर्वांत मोठ्या १५० कंपन्यांचा होता. बाकीच्यांचं प्रगतिपुस्तक आपली पाळी येईपर्यंत विद्यार्थ्याच्याच हस्ताक्षरात.

गुणांची परंपरा मात्र थोर आहे. 'सत्यम' या सॉफ्टवेअर कंपनीला २००८मध्ये उत्तम कारभाराचा 'गोल्डन पीकॉक' पुरस्कार मिळाला. मोर नाचून दमतो न दमतो तोच, ७ जानेवारी २००९ला अध्यक्षांनी पत्रानं कळवलं, की दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या शिल्लकीपैकी ५,०४० कोटी मुळात नाहीतच. याहून पारदर्शक ते काय असणार?

सप्टेंबर २०१५मध्ये डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकानं 'फोक्सवॅगन'ला मोटार उद्योगात अव्वल ठरवलं. त्याच महिन्यात उघड झालं, की तिच्या डिझेल गाड्या धुराच्या चाचणीची चाहूल लागताच सोवळं नेसतात आणि रस्त्यावर आल्या की सोडतात. मे २०२२मध्ये एस अँड पी ५००च्या अशाच निर्देशांकातून विजेच्या गाड्या बनवणारी 'टेस्ला' बाहेर पडली. तेल उपसणारी 'एक्सॉनमोबिल' आत राहिली. तेलाचा डाग पडला तरी कागद नीट भरलेला हवा, हा धडा.

आमच्या शेजारचे निवृत्त बँकवाले काका या बाबतीत फारच मागासलेले. परवा मी त्यांना एका कंपनीचा जाडजूड वार्षिक अहवाल दाखवला. मुखपृष्ठावर व्यवस्थापकीय संचालक रोप लावताहेत, सूट घालून. एकजण त्यांच्यावर छत्री धरून उभा. काकांनी रोपाकडे ढुंकूनही न पाहता अहवाल उलटा करून मागून वाचायला घेतला. संचालकांच्या नातेवाइकांच्या कंपन्यांशी व्यवहार किती? सरकारी देण्यांचे वाद किती वर्षं कोर्टात पडलेत? ऑडिटर मुदत संपायच्या आत का गेला? 'वैयक्तिक कारणास्तव' हे उत्तर वाचून म्हणाले, "ऑडिटरला वैयक्तिक कारण एकच असतं, अटकेची भीती."

"अहो काका, पण ही कंपनी २०५०पर्यंत कार्बनमुक्त होणार आहे!"

"होऊ दे की. तोवर सध्याचे संचालक तिथे नसणार, म्हणूनच तारीख एवढी लांबची." मग भागधारणेच्या तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "भविष्यावर एवढा विश्वास आहे, तर प्रवर्तकांनी आपले निम्मे शेअर गहाण का टाकलेत, तेवढं विचारून ये."