माहेर विदर्भ, वय पन्नास

आर्वीकडून वर्धा नदी ओलांडली की कौंडण्यपूर. नदीअलीकडे आमचा वर्धा जिल्हा, पलीकडे अमरावती आणि रुक्मिणीचं माहेर. तिनं कृष्णाला पत्र धाडलं, तो रथ घेऊन आला, इथवर सगळ्यांना पाठ असतं. एकनाथांचं ‘रुक्मिणी स्वयंवर’ उपवर मुली लग्न जमावं म्हणून वाचतात. जमलं, की पोथी फडक्यात बांधून वर! पुढे रुक्मिणीला पन्नाशी लागली, याची खबर कोणाला?

दमयंती, लोपामुद्रा याही विदर्भाच्याच लेकी. अशा नायिकांना मध्यमवयात आणून नव्यानं लिहायची हल्ली हौस आहे. लिहावंच, पण आमच्या पोरींना उसने संवाद देण्याआधी जुन्या कथांची पुढची पानं उलटावीत.

नल द्यूतात हरतोय हे दिसताच दमयंतीनं लेकरं माहेरी पोचती केली. तो तिला रानात झोपेत सोडून गेला. तिनं काय केलं? दुसरं स्वयंवर उद्याच आहे, असा निरोप अयोध्येच्या राजाला धाडला. राजाचा सारथी होऊन लपलेला नवरा रथ हाकत हजर! तरी बाई विरघळली नाही. त्यानं रांधलेलं मागवून चाखलं, तेव्हा कुठे खात्री पटली.

लोपामुद्रा तर ऋग्वेदातच बोलते, पहिल्या मंडलाच्या १७९व्या सूक्तात. वर्षानुवर्षं राबले, म्हातारपण रूप नेतंय, आता तरी माझ्याकडे बघा, असं अगस्त्यांना सुनावते. महाभारतात ती माहेरच्यासारखा पलंग आणि दागिने मागते. ऋषी निघाले राजांच्या दारोदार.

रुक्मिणी रुसून दिंडीरवनात गेली. समजूत काढायला निघालेला कृष्ण, ‘दोन मिनिटांत आलोच’ म्हणून मित्राकडे रेंगाळणाऱ्या नवऱ्यासारखा, पुंडलिकाच्या विटेवर उभा राहिला तो राहिलाच. तिचा गाभारा आजही वेगळा. बाईला स्वतःची खोली हवी, हे व्हर्जिनिया वूल्फनं १९२९ मध्ये लिहिलं. आमच्या बाईनं ती कधीच घेऊन टाकली होती. कारण विचारलं तर म्हणेल, “पत्र मीच धाडलं होतं ना बापा, मंग रुसाले कोनाले इचारू?”

नव्यानं लिहायला हवेत ते यांचे नवरे. तपातून उठलेला अगस्त्य घरात दिवसभर काय करतो? विटेवरून उतरून बायकोच्या दारापर्यंत जायला कृष्णाला अजून किती युगं हवीत? नलाची तेवढी काळजी नाही. त्याला स्वयंपाक येतो.