मुळात नव्हतं

घरात कुणी जुनी स्पोर्ट्स कार बाळगून असेल, तर बाकीच्यांना दोन गोष्टी यायला हव्यात: पाना धरून उभं राहणं आणि वेळच्या वेळी मान डोलावणं. आमच्या मामांकडे एमजीए आहे. १९५५ ते १९६२ या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात अशा लाखभर गाड्या तयार झाल्या आणि बहुतेक अमेरिकेला गेल्या. त्यातली एक पुण्यात कशी आली, ही हकिकत मामा दर वेळी वेगळी सांगतात. इंजिन झालं, पत्रा झाला, ‘ओल्ड इंग्लिश व्हाइट’ रंगही झाला. (मामींच्या मते तो पिवळट पडलेला साधा पांढरा.) राहिलं होतं ते आतलं काम.

आता ही गाडी आतून मुळात कशी होती ते ऐका. दाराला बाहेरून हँडलच नाही; आत हात घालून दोरी ओढायची. काचा वरखाली होत नाहीत, कारण दारांना काचाच नाहीत; पाऊस आला की पडदे अडकवायचे. पायाखाली प्लायवूड. डॅशबोर्ड म्हणजे रंगवलेला पत्रा. हीटर हवा असेल तर वेगळे पैसे. आणि कळस म्हणजे सीट. माणूस जिथे टेकतो तेवढ्यालाच खरं कातडं. बाजूला, पाठीमागे, दारांच्या आतून सगळीकडे रेक्झिन. अ‍ॅबिंग्डनला सदाशिव पेठेतला कुणी हिशेबनीस नोकरीला असावा, असा माझा दाट संशय आहे.

मामांना ही काटकसर जशीच्या तशी परत हवी होती, आणि दुसऱ्याने केलेली काटकसर परत आणणं फार महाग पडतं. रॅलीतले परीक्षक टॉर्च घेऊन सीटखाली वाकतात म्हणे. त्यांच्यासाठी सगळं जिथल्या तिथे, जसंच्या तसं हवं.

कातडं घ्यायला आम्ही धारावीत गेलो. ते चौरस फुटावर मिळतं, पण जनावर काही चौकोनी नसतं, त्यामुळे कडेचं बरंच वाया जातं. शिवाय पाठीचं कातडं घट्ट आणि पोटाचं सैल. सीटला पोटाकडचं लावलं तर वर्षभरात झोळ येतो. दुकानदार हे समजावताना सारखा मामांच्या शर्टाच्या मधल्या बटणाकडे का बघत होता, ते मी विचारलं नाही. गुंडाळी घरी आली. आजीने ती देवघराच्या भिंतीपासून लांब ठेवायला लावली आणि गॅरेजमधून येणाऱ्याने पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही, असा हुकूम काढला.

शिवायचं काम नाना पेठेतल्या एका चाचांकडे होतं. दोरीवर कातड्याची पट्टी ओढून त्यांनी पायपिंग शिवलं, की ती रेघ बघत राहावी. पण बिनकामाचं साधेपण त्यांना सहन होत नसे.

“साहेब, डायमंड शिलाई मारतो. एकदम फॉरेन दिसेल.”

“चाचा, ही फॉरेनचीच आहे. मुळात नव्हतं ते नको.”

“मधे हात ठेवायला गादी?”

“मुळात नव्हती.”

“बाटली ठेवायला?”

मामांनी डोळे मिटून घेतले.

मग माप घ्यायची वेळ आली. चाचांनी मामांना नुसत्या सांगाड्यावर बसवलं. गाडीचं स्टिअरिंग मोठं, सीट खोल आणि मामा आडवे. “फोम कमी करू या, साहेब. नाहीतर बसाल, पण चाक वळणार नाही.” फोम कमी करणं मूळपणात बसत नव्हतं आणि मामा मूळ सीटमध्ये बसत नव्हते. बराच वेळ विचार करून मामा म्हणाले, “करा. आतलं कुणाला दिसतंय?” अ‍ॅबिंग्डनचा हिशेबनीस याहून वेगळं काय म्हणाला असता?

सीट तयार झाल्याचा निरोप आला, तसे आम्ही गेलो. चाचांनी चादर ओढली. लाल कातडं, सरळ टाके, कुठे सुरकुती नाही. मामांचा चेहरा फुलला. ते कौतुकाने मागच्या बाजूला गेले आणि तिथेच थांबले.

“चाचा, मागे हे काय?”

“लेदर, साहेब!” चाचा खुशीत होते. “माल उरला होता. तुमच्यासारखा शौकीन माणूस, मागे रेक्झिन लावायला माझा हात धजेना. याचे पैसे घेणार नाही.”

मामा खाली स्टुलावर बसले. परीक्षक, टॉर्च, गुण असं काहीबाही त्यांनी हळू आवाजात समजावलं. चाचांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग माझ्याकडे वळून खात्री करून घेतली. “म्हणजे चांगलं काढायचं आणि हलकं लावायचं?”

मी मान डोलावली.

“काढायची मजुरी वेगळी पडेल,” चाचा म्हणाले. “आणि रेक्झिन तुम्ही म्हणता तसल्या जुन्या दाण्याचं हवं असेल, तर ते लेदरपेक्षा महाग आहे.”