सुधारित आवृत्ती

संख्याशास्त्राच्या पुस्तकाला लेखकाचं मरणही आडवं येत नाही. रोनाल्ड फिशरचं गाजलेलं पुस्तक १९२५मध्ये आलं, फिशर १९६२मध्ये गेला आणि चौदावी आवृत्ती निघाली १९७०मध्ये. यूलचं पुस्तक १९११चं. १९३७च्या अकराव्या आवृत्तीत केंडॉल जोडीला आला. आपल्याकडे गुप्ता-कपूर १९७०पासून पोरांच्या मानगुटीवर आहेतच.

मी शिकलो ते पुस्तक यांपैकी कुठलंच नव्हे. पण सुरतेत उधन्याला बहिणीकडे जाताना ते जळगावहून मुद्दाम नेलं, कारण भाचीनं बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलंय. तिनं पहिलं पान उघडून मिटलं. "मामा, हे नाही चालणार. सरांनी नवी आवृत्तीच आणायला सांगितलीय."

नवी टेबलावर होतीच. मग रीतसर शून्य परिकल्पना मांडली : दोन्हींत काही फरक नाही. चहा झाला, लोचो झाला, तरी परिकल्पना काही नाकारता येईना. जुन्यातला गिरणी कामगार नव्यात कंपनीत लागलाय, पगार वाढलाय, पण सरासरी काढायला अजून आपल्यालाच सांगतो. पिशवीतले लाल-पांढरे चेंडू एवढ्या पिढ्यांनी काढले, पिशवी रिकामी नाही. मागची लॉग टेबलं गेली, तिथं एक्सेलची चित्रं आली. मात्र ९५ टक्क्यांना १.९६ म्हणजे १.९६! नोटा बदलल्या, जीएसटी आला, हा आकडा ढिम्म. प्रकाशकाला त्याची केवढी चुटपुट लागत असेल!

लक्षणीय फरक सापडला तो किमतीत.

सुधारणा काय असते ते खरं तर या गावाकडून शिकावं. १९९४च्या प्लेगनंतर लोक मिळेल त्या गाडीनं पळाले होते. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले आणि दोनेक वर्षांत सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. प्रस्तावना वगैरे काही लिहिली नव्हती त्यांनी.

एवढ्यात दाजी आले. रिंग रोडच्या मार्केटात साड्यांच्या दुकानी हिशेब बघतात. दोन्ही पुस्तकं त्यांनी चिमटीत धरून कागद चोळून पाहिला. "माल तोच आहे. कॅटलॉग नवा काढलाय."

"पण पप्पा, गणितांचे नंबर बदललेत! सर नंबर सांगून गृहपाठ देतात."

"मग? आमच्याकडे दर दिवाळीला डिझाइन नंबर बदलतो. नवी परत कर, पावती आहे ना?"

"आणि नंबर?"

दाजींनी खिशातलं लाल पेन काढलं आणि परत करायच्या आत माझ्या पुस्तकात गणितागणिताशेजारी नवे नंबर टाकायला बसले. रात्री आम्ही झोपायला गेलो तेव्हा ते सहसंबंधापर्यंत पोचले होते आणि नव्या आवृत्तीत तीन गणितं कमी भरत असल्याची तक्रार दुकानदाराला फोनवर सांगत होते.