आधी टेलला पाणी द्या

15 ऑक्टोबर जवळ आला की परभणी जिल्ह्यात एक आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो: 65. जायकवाडी धरणात उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या आत राहिला तर नगर-नाशिकच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं, हे जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने 2014 मध्ये ठरवून दिलं आणि 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. त्यासाठी मराठवाडा भांडला. भांडलाच पाहिजे होता. पाणी वरच्याच्या दारातून जातं म्हणून ते वरच्याचं होत नाही.

मग हाच न्याय जायकवाडीच्या खाली का लागत नाही?

जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटरचा. जालना जिल्ह्यातले अंबड, घनसावंगी, परतूर पार करून तो पाथरी, मानवत, परभणीकडे येतो. आपण टेलचे, म्हणजे कालव्याच्या शेवटाचे, त्यामुळे जालन्याकडे बोट दाखवणं सोपं आहे. पण पाथरीच्या चारीवर पाण्याची पाळी सुटली की रात्री जाऊन बघा. कालव्याच्या भरावावर मोटारी ओळीने मांडलेल्या, पाईप थेट पाण्यात, गेटखाली दगड सारून ते वर उचललेलं. त्याच चारीच्या शेवटी हरभरा फुलोऱ्यात उभा आणि चारीत गवत. नाशिकला आपण जे सुनावतो, तेच आपल्या खालच्या गावाने आपल्याला सुनावावं असं आपण वागतो. हे मला सहन होत नाही.

वरचा ऊसवाला चोर आहे, असं मी म्हणणार नाही. जायकवाडीची आखणी आठमाही पिकांसाठी झाली होती हे खरं, पण ऊस लावा म्हणून कारखान्यांनी नोंदी घेतल्या, बँकांनी कर्ज दिलं, आणि आता उभं पीक पाणी मागतंय. खालच्याला हरभऱ्यासाठी दोन पाळ्या हव्यात. दोघांचीही गरज खरी आहे. म्हणून हे भांडण कधीच कायमचं मिटणार नाही. ते दर हंगामात नव्याने हाताळावं लागणार, आणि त्यासाठी नियम पाणी सुटण्याआधी ठरलेला लागतो. पाणी सुटल्यावर फक्त ज्याची मोटार मोठी त्याचंच चालतं.

नियम कसा असावा हे नाशिक जिल्ह्यातच बघायला मिळतं, ज्यांच्याशी आपलं वैर त्यांच्याकडे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी 1990 च्या सुमाराला टेलच्या गावांपासून पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पुढे अख्खा प्रकल्प शेतकऱ्यांच्या संस्थांनी चालवायला घेतला. पाणी घनमापाने मोजून घ्यायचं आणि पाळी टेलपासून सुरू करून वर न्यायची. यातली खुबी साधी आहे. खालच्याचं भिजल्याशिवाय वरच्याचा नंबर लागत नाही, म्हणून वरचाच शेतकरी कालव्यावर राखण करतो, गळती बुजवतो, मोटार टाकणाऱ्याला अडवतो. पाटकऱ्याने जे काम करायचं ते त्याचा स्वार्थ करतो, आणि पाटकऱ्यांच्या जागा तर वर्षानुवर्षं रिकाम्याच आहेत.

कायद्याचीही अडचण नाही. सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा महाराष्ट्राने 2005 मध्येच केला. संस्थेला पाण्याचा कोटा मोजून मिळण्याचा हक्क त्यात आहे. आपल्याकडे कित्येक संस्था कागदावर नोंदल्या आणि तिथेच राहिल्या, कारण त्या चालल्या तर पाळी कुणाच्या फोनवर सुटणार नाही.

रब्बीसाठी कालवा सल्लागार समितीची बैठक होईल. आमदार येतील, अधिकारी येतील, आवर्तनं किती यावर तासभर बोलणं होईल. परभणीच्या प्रतिनिधींनी तिथे दोनच गोष्टी लिहून घ्याव्यात. पहिली पाळी टेलपासून. आणि प्रत्येक वितरिकेच्या तोंडाशी रोज किती पाणी गेलं, तो आकडा गावाच्या फळ्यावर.